उत्तर एकच होतं: वाडीत

१९७७च्या जून महिन्यात, कोर्टाच्या आदेशावरून, मी उमेळ्याचं घर सोडलं. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मामा न्यायला आला होता. आत्याने माझ्या दोन वेण्या घातल्या, वर अबोली माळली आणि म्हणाली, "पानी पिऊन जा, बाय. तिकडं नळाचं प्यायचंय." बाबा टांग्यापर्यंत आले, पिशवी वर ठेवली आणि मागे फिरले.

आईबाबांचं कशावरून बिनसलं, हे दोघांच्या अर्जांत दोन प्रकारे लिहिलेलं आहे. पुढे मी दोन्ही वाचले. खरं कुठलं, ते मला सांगता येत नाही. मी निघाले त्याच्या दोन वर्षं आधीच्या पावसाळ्यात आई डोंबिवलीला मामाकडे निघून गेली होती. बारा वर्षं तिने वाडीत केळी लावली, पानवेली चढवल्या, फुलं खुडली. त्या वाडीत हिस्सा मिळावा, असं तिचं म्हणणं होतं. वाडी आजोबांकडून आलेली, सुनेचा तिच्यात हक्क नाही, असं ठरलं. घटस्फोट झाला. आईला तिची भांडी, शिवणाचं मशीन आणि पोटगी मिळाली. मी कुणाकडे राहायचं, एवढंच उरलं.

न्यायाधीशांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. "बाळ, तुला कुठे राहायला आवडेल?"

मी म्हटलं, "वाडीत."

आमच्या घरी "आई कुठे?" असं कुणीही विचारलं, तर उत्तर तेच असायचं. आई दिवसभर वाडीतच असे. एवढा मोठा माणूस विचारतोय म्हणजे तो आईला परत तिथे आणणार, असं मी समजले. कारकुनाने लिहिलं, 'मुलीस वडिलांचे घरी राहावयाचे आहे.' आई बाहेर बाकावर बसली होती. ती एकटी डोंबिवलीला गेली.

पाच महिन्यांनी तिने पुन्हा अर्ज केला. या खेपेला तिच्या वकिलांनी मला व्हरांड्यात गाठलं. "साहेबांनी विचारलं की सांगायचं, मला वाडी आवडत नाही. मग आईकडे जाशील." मी तसं सांगितलं. का आवडत नाही, असं साहेबांनी विचारलं. "साप असतात," मी म्हटलं. साप होतेच, पण मला त्यांची भीती नव्हती. हे सगळं लिहिलं गेलं. नंतर ते बाबांना वाचून दाखवलं.

डोंबिवलीला मामाच्या चाळीत दोन खोल्यांत आम्ही सहा जण होतो. नळ सकाळी तासभर यायचा. शाळेत मी "पानी" म्हटलं की मागच्या बाकावरून तीन-चार जणी "पानीऽऽ" म्हणून ओरडायच्या. दिवाळीपर्यंत माझं "पाणी" झालं. आई शेजारणींची पोलकी शिवायची. वाडीचं नाव तिने काढलं नाही. मीही नाही. अंथरुणात डोळे मिटून मी विहिरीपासून कुंपणापर्यंतची झाडं ओळीने म्हणायचे. कधी मधलं एखादं आठवायचं नाही. मग पहिल्यापासून सुरुवात करायचे.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दहा ते पाच, मला बाबांकडे पाठवायचं, असा आदेश होता. मामा मला वसई रोडला पोचवायचा. पहिल्या रविवारी टांगेवाल्याने विचारलं, "उमेळ्याला ना, शेट?" बाबा म्हणाले, "नाय, किल्ल्यात घे." दिवाळीनंतरच्या एका रविवारी किल्ल्यात मला तहान लागली. मी "पाणी" मागितलं, तेव्हा ते हसले. "डोंबिवलीवाली झालीस गो!"

नऊ वर्षं आम्ही किल्ल्यात फिरलो, खानावळीत जेवलो, स्टेशनच्या बाकावर बसलो. वाडीत त्यांनी मला एकदाही नेलं नाही. मी म्हटलंही नाही. वाडी आवडते असं तोंडातून गेलं, तर ते पुन्हा कुणीतरी लिहून घेईल आणि आई जाईल, अशी भीती होती. कॉलेजच्या फॉर्मवर 'मूळ गाव' या रकान्यात मात्र मी न विचारता उमेळे लिहिलं.

अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर आदेश संपला. त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी मी एकटी वसई रोडला उतरले. बाबा बाकावर होते.

"बाबा, वाडीत जाऊ या."

त्यांनी बाकावर सरकून मला जागा केली. मग म्हणाले, "आता कुठची वाडी, बाय? दोन वर्षं झाली, बिल्डरला दिली. तुला आवडत नाय, म्हनून बोललो नाय."

वकिलांनी व्हरांड्यात काय सांगितलं होतं, ते मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. आईसाठी तसं म्हणावं लागलं, हेही सांगितलं.

"म्हंजे आवडायची?"

"हो."

"नि साप?"

"साप होते ना. मी कधी भ्यायले?"

"मंग बोलायचं ना गो," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी तुला किल्ला दाखवतोय."

आम्ही उमेळ्याला गेलो. वाडीच्या जागी उभी राहिलेली इमारत तीन मजली होती. बाबा आणि आत्या पहिल्या मजल्यावर, मागच्या ब्लॉकमध्ये राहत होते. पाचच्या गाडीने मी परतले नाही. सोमवारी दुपारी डोंबिवलीला पोचले आणि कुठे होते ते आईला सांगितलं: वाडीत.