दोन बेटांमधला दीड तास

दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून काही वर्षं होती. इराणच्या आखातातल्या एका उजाड बेटावर आमच्या पलटणीची छोटी तुकडी होती. वाळू सपाट करून विमान उतरायला जागा केलेली. शेजारी पेट्रोलची पिंपं. त्यांच्यावर पहारा देणं हे आमचं काम.

हवाई तळ आणि हॉस्पिटल मोठ्या बेटावर. मध्ये सत्तर कोस समुद्र. विमानाला दीड तास लागे, वारा समोरून असला तर दोन. गलबताला दोन दिवस.

लान्स नाईक सिद्राम मैंदर्गीचा, मी माढ्याचा. एका जिल्ह्याचे म्हणून त्याने मला धाकट्या भावासारखं धरलं होतं.

एका सकाळी विमानात पेट्रोल भरताना पिंप माझ्या पायावर आलं. बोटं चेचली. मी गुरासारखा ओरडत होतो. सिद्राम तेव्हा सावलीत पोट धरून बसला होता. आदल्या दिवसापासून त्याच्या पोटात दुखत होतं. विमानात वैमानिकाच्या मागे जागा एकच.

"सिद्राम, किती दुखतंय?" हवालदारांनी विचारलं.

"कळ हाय, साहेब. पन ह्याला आदी न्या. मी दुसऱ्या खेपंला येतो की."

दुपारी परत येतो, असं वैमानिक म्हणाला. मला उचलून बसवलं. सिद्रामनेच वाकत वाकत माझा पट्टा आवळला.

"खाली बगू नगंस. गरगरंल."

मी पाहिलं. पायात कळ होती, तरी वरून तो निळा समुद्र बघताना मला आनंद झाला. त्याची लाज अजून गेलेली नाही.

दुपारी वायव्येचा वारा सुटला. धुळीत तळावरचा निशाणाचा खांबही दिसेना. आमच्या बेटावरून वायरलेसने निरोप आला, "पेशंट सीरियस. विमान कधी?" उत्तर गेलं, "हवा साफ होईपर्यंत नाही." संध्याकाळी पुन्हा तोच निरोप, तेच उत्तर.

डॉक्टरांनी माझी दोन बोटं काढली. ड्रेसिंग करताना ते कंपाउंडरला म्हणाले, "यह तो चार दिन रुक सकता था." मी डोळे मिटून पडून राहिलो.

तिसऱ्या दिवशी वारा पडला. विमान गेलं, दीड तासात पोहोचलं. सिद्राम आधीच गेला होता. त्याला तिथेच माती दिली.

पलटण सोडून सोलापुरात राहायला आलो. आमच्या पेठेत विमानात बसलेला मी एकटाच. शाळेत बोलावून हार घातला. "वरून कसं दिसतं?" पोरं विचारत. मी सांगत असे, आणि घरी आल्यावर मला जेवण जात नसे.

शेवटी मैंदर्गीला गेलो. सिद्रामचे वडील मेंढरं राखत. आईला फक्त कानडी येई.

"दवाखाना किती लांब हुता?" म्हाताऱ्याने विचारलं.

"विमानानं दीड तास."

"मंग त्याला का न्हाय नेला?"

"जागा एकच होती. माझा पाय चेचला होता, मला नेलं."

त्याने ते बायकोला कानडीत सांगितलं. ती बराच वेळ माझ्या पायाकडे बघत राहिली. मग काहीतरी म्हणाली.

"ती इचारतीया, आता नीट चालाया येतंय का?"

"येतंय," मी म्हणालो. मान वर करवली नाही.

म्हातारा मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. सिद्राम लहानपणी कुठल्या कुठल्या माळावर मेंढरं न्यायचा, ते वाटभर हाताने दाखवत होता.