बिनफिर्यादीची गाडी

इतक्या वर्षांच्या नोकरीतली कोणती केस मनातून जात नाही, असं कुणी विचारलं की मी जी सांगतो ती नोकरीतली नाहीच. अंगावरची वर्दी उतरली होती, हद्द माझी नव्हती, देशसुद्धा माझा नव्हता. गुन्हा कुठे दाखल नव्हता. तरी तपास झाला आणि तो मीच केला.

त्या उन्हाळ्यात आम्ही नवराबायको एर्लांगेनला लेकीकडे गेलो होतो. सकाळी सगळं गाव सायकलवर बसून कामाला जातं आणि मागे उरलेल्या रिकामटेकड्याने करायचं काय, हा प्रश्न असतो. मी खिडकीत बसून रस्त्यावर नजर ठेवायचो. जित्याची खोड. लेक म्हणायची, “बाबा, इथे असं बघत बसलं की लोक पोलिसांना फोन करतात.” मी म्हणायचो, करू देत, तेवढीच ओळख होईल.

खबर आणली आमच्या सौभाग्यवतींनी. नोकरीत मी बरेच खबरी सांभाळले, पण या तोडीचा एकही नव्हता. शेजारच्या घरात एक जर्मन म्हातारे एकटे राहायचे. ते निवृत्त शिक्षक होते, म्हणून घरात आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. मोडक्यातोडक्या इंग्रजीत कुंपणावरून दोघांच्या गप्पा चालायच्या. हिचं लिंबाचं लोणचं तिकडे जायचं, त्यांच्या बागेतले प्लम इकडे यायचे.

“अहो, आज मास्तर रडत होते,” ही म्हणाली.

“का?”

“पुढच्या महिन्यात ते हाइममध्ये जाणार. वृद्धाश्रम हो. गॅरेज रिकामं करायचंय. आत कसली तरी जुनी गाडी आहे, ती एक दलाल घेऊन जाणार आणि खोलून सुटे भाग विकणार.”

“मग विकू दे की.”

“तुम्ही ना! गाडीसाठी कुणी उगाच रडतं का? जाऊन बघा तरी.”

वरिष्ठांचा आदेश म्हटल्यावर काय करणार? शनिवारी जावईबापूंना दुभाष्या म्हणून बरोबर घेतलं आणि गेलो. आमचे जावई मूळचे पुण्याचे, मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनियर. मास्तरांनी गाडीवरची ताडपत्री ओढली आणि जावई जागच्या जागी उडाले.

“बाबा, हॉट रॉड! ही हॉट रॉड आहे!”

मला दिसली ती एक बुटकी, काळी, रुंद मोटार. छप्पर कापून खाली बसवलेलं, मागची चाकं दांडगी, पुढच्या जाळीवर मेपलचं पान. मी सवयीने टॉर्च घेऊन खाली वाकलो. माझी नोकरीची बरीच वर्षं चोरीच्या गाड्या शोधण्यात गेली आहेत. चासीवरचा नंबर एका मालिकेतला निघाला, इंजिनावरचा भलत्याच. पुढचा आस तिसऱ्याच गाडीचा. दरवाजाजवळची पट्टी कानशीने साफ घासलेली. मी उठलो, हात झटकले आणि इंग्रजीत सरळ निकाल देऊन टाकला, “धिस इज अ स्टोलन व्हेइकल.”

जावई पोट धरून हसायला लागले. “अहो बाबा, हॉट रॉडमध्ये सगळं दुसऱ्याचंच असतं! जुनी गाडी घ्यायची, छप्पर कापायचं, दुसऱ्या गाडीचं तगडं इंजिन बसवायचं. तीच तर गंमत. अमेरिकेत आणि कॅनडात पोरं घरामागच्या शेडमध्ये हाच उद्योग करायची. नंबर जुळले असते तरच संशय घ्यायचा.”

माझं हसं झालं ते झालं. पण जावई हसत असताना मी मास्तरांकडे बघत होतो. म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. निर्दोष माणसाला चोर म्हटलं की तो चिडतो. मास्तर चिडले नाहीत, त्यांनी फक्त ताडपत्री पुन्हा गाडीवर ओढली. माझा तर्क साफ चुकला होता, पण बाण कुठेतरी लागला होता.

घरी आल्यावर जावयांनी अडचण नीट समजावून सांगितली. या गाडीला कागद नाहीत, इथे तिची नोंदणीच कधी झालेली नाही. त्यामुळे कायद्याने ती भंगारच. पण ती कुणी बांधली, कुठे बांधली आणि इकडे कशी आली हे सिद्ध झालं, तर ती अखंड राहू शकते. कॅनडात अशा हरवलेल्या गाड्यांचा इतिहास शोधणारी हौशी मंडळी आहेत. अडचण एकच होती. मास्तर तोंड उघडायला तयार नव्हते. भावाची गाडी होती, एवढंच म्हणायचे आणि नजर वळवायचे.

दुसऱ्या दिवशी मी आल्याचा चहा थर्मासमध्ये भरला आणि जावयांना घेऊन मास्तरांच्या बागेत जाऊन बसलो. दरडावून माणूस जेवढं बोलतो त्याच्या दुप्पट चहा पाजल्यावर बोलतो, हे मी ठाणे अंमलदार असल्यापासून पाहत आलोय. गाडीचा विषय मी काढलाच नाही. शाळेचं विचारलं, बायकोचं विचारलं, मग गप्प बसलो. गप्प बसणं हे तपासातलं सगळ्यात अवघड काम.

दुसरा कप संपल्यावर मास्तर आपण होऊन बोलले. “आल्झो, हेर कमिसार,” म्हणजे ‘तर मग, इन्स्पेक्टरसाहेब.’ “तुम्ही बरोबर होता. गाडी चोरीची आहे. चोर मी आहे.”

तरुणपणी ते नैऋत्येकडच्या एका खेड्यात शिकवायचे. जवळच कॅनडाच्या फौजेचा तळ होता. तिथला एक सैनिक त्यांचा जिवाभावाचा मित्र झाला; ‘भाऊ’ म्हणायचे तो हाच. त्याने ही गाडी स्वतःच्या हाताने बांधली होती आणि बदली झाल्यावर जहाजातून बरोबर आणली होती. एक दिवस त्याच्या तुकडीला मायदेशी जायचा हुकूम आला. तो म्हणाला, सांभाळ, मी घ्यायला येतो. तो आला नाही. सुरुवातीला पत्रं आली, मग तीही थांबली. मास्तरांनी दोन घरं बदलली, दोन्ही वेळा गाडी ट्रेलरवर घालून बरोबर नेली. ती त्यांनी कधी चालवली नाही आणि विकलीही नाही.

“शोधायला हवं होतं मी त्याला,” मास्तर म्हणाले. “पण गाडी मला आवडायची. तो सापडला तर घेऊन जाईल, म्हणून शोधलं नाही. आता तिचे तुकडे होणार. हीच माझी शिक्षा.”

मी गाव विचारलं. पत्रं घरं बदलताना हरवली होती आणि मास्तरांना आठवेना. आडनाव असं, की तिकडे हजारोंनी सापडावं.

मग मी पंचनाम्याच्या पद्धतीने गाडी तपासायला घेतली, पुढून मागे, डावीकडून उजवीकडे. चोर नंबर घासतो, पण पायाखालचं कुणी बघत नाही. शेजारच्या सीटखालचं जाजम उचललं तर गंजलेल्या फरशीला पत्र्याचं ठिगळ होतं. टॉर्च मारला. ठिगळावर रंगवलेली अर्धी गाय आणि दुधाच्या डेअरीच्या नावाची तुटकी अक्षरं. पाटी कापून लावलेली होती.

आणखी एक गोष्ट सापडली. डॅशबोर्डच्या मागे, हाताने चाचपल्याशिवाय कळणार नाही अशा जागी, चिनीमातीची एक पांढरी मूठ होती, कपाटाच्या खणाला असते तशी.

“जावईबापू,” मी म्हटलं, “गायीचा फोटो कॅनडाला पाठवा. मुठीबद्दल कुणाजवळही चकार शब्द नाही.”

“का बाबा?”

“मुद्देमालाची ओळख पटवायची असेल तर एक खूण नेहमी आपल्याजवळ ठेवायची. नाहीतर दहा मालक उगवतात.”

मालक एकच उगवला. तिथल्या एका क्लबातल्या मंडळींनी गाय बघताच डेअरी ओळखली, डेअरीवरून गाव काढलं आणि गावातल्या म्हाताऱ्यांकडे चौकशी केली. उत्तर आलं, की डेअरीवाल्याचा मुलगाच गाड्या बांधायचा, पुढे फौजेत गेला, आणि तो अजून आहे.

रविवारी दुपारी गॅरेजमधूनच व्हिडिओ कॉल ठरला. मास्तर टाय बांधून आले. मी त्यांना कॅमेऱ्याच्या बाहेर बसवलं आणि गाडीवर ताडपत्री घातली. पडद्यावर नाकाला प्राणवायूची नळी लावलेला एक म्हातारा दिसला. मी विचारलं, “गाडीची अशी एखादी खूण सांगा, जी फक्त बांधणाऱ्यालाच माहीत असेल.”

तो एकदम हसला. “डॅशबोर्डच्या मागे एक पांढरी मूठ आहे. आईच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाची. ती ओढल्याशिवाय गाडी चालू होत नाही. आई मरेपर्यंत तो खण उघडायला सुरी वापरायची. तिला मी कधी सांगितलं नाही.”

ओळख पटली. मी ताडपत्री ओढली आणि मास्तरांना पुढे केलं.

मास्तर घोकून आले होते ते सगळं माफीचं बोलणं विसरले. “मी तुझी गाडी चोरली,” एवढंच कसंबसं म्हणाले.

“चोरलीस?” पलीकडून आवाज आला. “अरे, वडील गेले, डेअरी गळ्यात पडली, पुन्हा निघणं झालं नाही. मित्राच्या गळ्यात हे लोढणं बांधून मी पळालो, म्हणून लाजेने तुला पत्र लिहीत नव्हतो. मला वाटलं, तू केव्हाच भंगारात दिली असशील. आणि तू ती इतकी वर्षं सांभाळलीस?”

मी आयुष्यभर फिर्यादी पाहिले, आरोपी पाहिले. दोन्ही बाजूंना आरोपीच आणि फिर्यादी कुणीच नाही, अशी केस तेवढी एकच पाहिली. मला भरून आलं, हे लपवण्यात अर्थ नाही. आमची ही तर उघडपणे पदराने डोळे पुसत होती.

“हॉर्न वाजतो का रे तिचा?” कॅनडातल्या म्हाताऱ्याने विचारलं.

जर्मनीत रविवारी भिंतीत खिळा ठोकायची चोरी. तरी जावयांनी आपल्या गाडीची बॅटरी आणून तारा जोडल्या आणि मास्तरांनी हॉर्न दाबला. रेड्यासारखा आवाज निघाला. समोरच्या घरातल्या बाई खिडकीत आल्या. त्या ओरडणार एवढ्यात मास्तरांनी हसत हात हलवला आणि पुन्हा हॉर्न दाबला. बाई बघतच राहिल्या. मास्तरांना असं हसताना त्यांनी म्हणे कधी पाहिलंच नव्हतं.

दलालाला नकार कळवला. क्लबच्या लोकांनी जहाजाची सोय केली आणि गाडी एकाही बोल्टला धक्का न लागता रवाना झाली. जाताना हिने सीटवर लोणच्याची बरणी ठेवली. ती कस्टममध्ये अडकली, पण ते प्रकरण वेगळं.

गुन्हेगार सापडला की तपास संपला, असं मी नोकरीभर मानत आलो. या केसमध्ये कळलं, की काही माणसं गुन्हा न करताच जन्मठेप भोगत असतात, आणि त्यांना सोडवायला कुणीतरी नुसतं समोर बसून विचारावं लागतं. आता माझ्याकडे कुणी मान खाली घालून आलं की मी आधी चहा मागवतो.

आमचा परतीचा दिवस जवळ आला होता तेव्हा कॅनडाहून फोटो आला. प्राणवायूच्या नळीसकट म्हातारा आपल्या गाडीत स्टिअरिंगमागे बसला होता. शेजारची सीट रिकामी होती. खाली एकच ओळ होती, ‘ही जागा तुझी, लवकर ये.’

मास्तर हाइममध्ये राहायला गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दार उघडलं तर टाय बांधून, केस नीट चोपून मास्तर उभे.

“हेर कमिसार,” ते म्हणाले, “पासपोर्टच्या कचेरीत, आम्टमध्ये, भेटीची टर्मिन कॉम्प्युटरवरून घ्यायचीय. जावयांना वेळ आहे का?”