रांजणाशेजारची कुंडी

आत्याच्या पुलगावच्या घरासमोर एक उभा निवडुंग होता. खांबासारखा सरळ वर गेलेला, स्लॅबच्याही वर डोकं काढलेला. मी त्याला शाळेतल्या सवयीने कॅक्टस म्हणायचे आणि आत्या हसायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला तिच्याकडे पाठवत. आमच्या घरी कुणी आलं की मी आतल्या खोलीत जाऊन बसायची. आत्याकडे मात्र मी ओट्यावर, त्या निवडुंगाच्या सावलीच्या पट्ट्यात बसत असे. येणारी-जाणारी एखादी बाई हमखास विचारायची, "काऊन वं, मुकी हायेस काय?" मग आत्या आतूनच ओरडायची, "हिले बोलाले नोका लावू. पाहून राह्यली ती, पाहू द्या."

म्हणून मी पाहत राहिले. काट्यांच्या झुबक्यांमधून मुंगळे वर जायचे आणि एकालाही काटा टोचायचा नाही. मला नीट आठवतं तसं, माझं गप्प राहणं हा आजार आहे असं न मानणारी ती पहिली व्यक्ती. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. सांगता आलं असतं तर मग प्रश्नच नव्हता.

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, वारल्यावर तिने ते घर विकलं आणि मुलीकडे पुण्याला जायचं ठरवलं. घेणाऱ्यांना जुनं पाडून नवं बांधायचं होतं, निवडुंग मधोमध येत होता. होळीच्या सुमारास बाबा आणि मी टेम्पो घेऊन तिचं सामान आवरायला गेलो. आत्याने करवत मागवली होती. झाड पाडलं तेव्हा ती तिथेच उभी होती. शेंड्याकडचे तीन चांगले तुकडे निवडून तिने ते बारदानात गुंडाळले आणि माझ्याकडे दिले.

"आधी कापलेली जागा सुकू दे," ती म्हणाली. "चांगली कडक झाली का मंग रेतीत लावजो. पाणी सगळ्यात शेवटी, मुळं धरल्यावर. घर तं काही नेता येत नाई बाई. यातलं एक तरी लागलं पाहिजे. लागलं का सांगजो, मी पाहाले येईन."

मी मान हलवली.

आमचं दुकान देवळीला आहे, मागे आणि वर घर. बाबा पाइप, स्प्रिंकलर आणि ठिबकच्या नळ्या विकतात. म्हणजे झाडांना पाणी कसं पोचवायचं यावरच आमचं घर चालतं. घरी पोचल्यावर मी अंघोळीला गेले तेवढ्यात बाबा एक तुकडा शेणखतात लावून, वर बादलीभर पाणी घालून मोकळे झाले.

"बाबा, आत्याने सांगितलं होतं ना..."

"तिचं काय ऐकते. पाण्याशिवाय काही लागते काय?"

तो तुकडा खालून मऊ पडत गेला. काढला तेव्हा बूड पिकून गेलेल्या केळ्यासारखं झालं होतं आणि वास येत होता. बाबांनी तो स्वतः नेऊन टाकला आणि त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत. आमच्याकडे माफी मागायची पद्धत अशीच आहे.

उरलेले दोन मी जिन्याखाली कोरड्या जागेत आडवे ठेवले. कापलेली जागा हळूहळू आत ओढली जाऊन चामड्यासारखी घट्ट झाली. मग नदीची रेती, थोडी माती आणि विटांचा चुरा चाळून दोन कुंड्या भरल्या. तुकडे वर्तमानपत्राच्या जाड घडीत धरून उभे केले आणि काड्या रोवून सुतळीने बांधले. गच्चीवर ठेवले असते तर आमच्या उन्हात भाजून निघाले असते. मागे मोरीची ओल. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी एकच जागा होती, दुकानाचा ओटा. तिथेच, रांजणाच्या शेजारी, कुंड्या ठेवल्या.

येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी प्यायला हा रांजण आम्ही दर उन्हाळ्यात ठेवतो. समोरच बस थांबते, त्यामुळे माणसं उतरली की आधी रांजणाकडे येतात. महिना झाला नसेल, एक तुकडा कलला. हात लावला तर बूड पुन्हा तसंच मऊ. मी एक थेंबही घातला नव्हता. घरातही कुणी घातला नव्हता. मी काउंटरमागे बसून विचार करत होते आणि तेवढ्यात बसमधून उतरलेल्या एका माणसाने ग्लास भरला, अर्धा प्याला, उरलेलं पाणी कललेल्या तुकड्याच्या कुंडीत ओतलं आणि गेला. त्याच्या मागच्याने तेच केलं.

हे मी लहानपणापासून रोज पाहत आले होते. पाहण्यात मी हुशार, असं मला वाटायचं. पण आमच्याकडे उरलेलं पाणी रस्त्यावर फेकत नाहीत, जवळच्या झाडाला देतात, हे इतकं नेहमीचं होतं की माझी नजर तिथे अडलीच नव्हती.

आता एकच तुकडा उरला होता. मी रेतीवर गोटे पसरले. लोक गोट्यांवर पाणी ओतू लागले. मग पुठ्ठ्यावर लिहून लावलं, 'कृपया या कुंडीत पाणी घालू नये.' एका गिऱ्हाइकाने ते मोठ्याने वाचलं आणि बाबांना म्हणाला, "भाऊ, तुम्ही पाण्याचे पाइप इकता अन् पोरगी पाणी नोको म्हणते. धंदा बुडवते काय?" सगळे हसले. मी वहीत डोकं घातलं. त्यांच्यातल्याच एकाने जाताना थोडं पाणी घातलंच, गमतीने.

तिसऱ्या तुकड्याला मी दिवसभर काउंटरवरून राखत होते आणि तोंड उघडत नव्हते. कुणी गेलं की उठून ओली रेती उकरून काढायची, कोरडी घालायची. आत्याचा फोन आला की मी तो आईकडे द्यायची.

बाजूच्या गावाहून भाजी घेऊन येणाऱ्या एक मावशी रोज सकाळच्या बसने उतरत. टोपली ओट्यावर टेकवायच्या, पाणी प्यायच्या, मग बाजारात जायच्या. पुठ्ठा त्यांना वाचता येत नव्हता. त्या दिवशी त्यांनी निवडुंगाकडे निरखून पाहिलं. तुकडा आक्रसला होता, अंगावरच्या उभ्या धारांमधल्या खाचा खोल गेल्या होत्या. "अगं माय, कसं सुकून राह्यलं बिचारं," त्या म्हणाल्या. त्यांनी ग्लास काठोकाठ भरला, स्वतः घोटभरही न पिता. "घे बाप्पा, तू बी पे."

"नका टाकू, मावशी! मरून जाईल ते!"

आवाज माझाच होता. पाइप मोजता मोजता बाबांच्या हातातली टेप थांबली. बसची वाट पाहणारे वळले. मावशींचा हात तसाच वर राहिला.

"बोलता येते काय वं तुले?" त्या म्हणाल्या. "मले वाटे, हे पोरगी नुसती डोळेच फिरवते. काऊन मरते ते? पाण्यानं कोणी मरते काय?"

मी बाहेर गेले. कापलेली जागा, बूड, आत्या, पुलगावचं घर, सगळं सांगितलं. उलटसुलट सांगितलं असेल. मावशींनी ऐकून घेतलं, ग्लासातलं पाणी स्वतः प्यायल्या आणि टोपली उचलताना म्हणाल्या, "आत्याचं हाय म्हण ना मंग. पुठ्ठे काय लावते."

दुसऱ्या दिवसापासून मला बोलावंच लागलं नाही. "ओ भाऊ, तिथं नाई टाकाचं, त्या पोरीच्या आत्याचं झाड हाय," मावशी रांजणापाशी उभ्या राहून सांगत. त्या नसल्या तर बसची वाट पाहणारं कुणीतरी सांगे. ज्याने गमतीने पाणी घातलं होतं तो तर अनोळखी माणसाच्या हातातून ग्लासच काढून घ्यायला लागला. या सगळ्यांची नावं मला आजही माहीत नाहीत.

"आता टाकू काय वं?" मावशी रोज विचारत.

"अजून नाही, मावशी."

एका सकाळी शेंड्यावर कोवळा, चकचकीत हिरवा ठिपका दिसला. मी कागदाच्या घडीने तुकडा हलकेच हलवून पाहिला. तो हलला नाही. खालून कुणीतरी धरून ठेवल्यासारखा घट्ट होता. मावशी उतरल्या तेव्हा मी ग्लास भरून त्यांच्या हातात दिला. "टाका," म्हटलं. त्यांनी बाळाला न्हाऊ घालावं तसं बेताने पाणी घातलं. मग मी आत्याला फोन लावला, यावेळी मी स्वतः.

दिवाळीत आत्या आली. घरात न शिरता आधी ओट्यावर बसली, कुंडीशेजारी. नवीन वाढ वीतभर झाली होती. तिने काट्यांमधून बोट घालून धारेला स्पर्श केला आणि बराच वेळ हात तसाच ठेवला. मावशी तेवढ्यात बसमधून उतरल्या.

"तुम्हीच आत्या काय? तुमच्या या पोरीनं मले असं झापलं का काय सांगू!"

"हिनं?" आत्या म्हणाली. "ही बोलली?"

"बोलली म्हणजे! बसवाल्यानं ब्रेक मारला."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. खूप काही विचारेल असं वाटलं, पण तिने सरकून माझ्यासाठी जागा केली फक्त. मावशींनी टोपली पलीकडे टेकवली. मी दोघींच्या मधे बसले आणि काहीच बोलले नाही. दोघींनाही ते चाललं.