ऑपरेटरमामा आणि चौथं रीळ

पिक्चर चांगला की वाईट, हे ऑपरेटरमामा पडद्याकडे पाठ करून ठरवायचे. शुक्रवारी नवा पिक्चर लागला की प्रोजेक्टरचं मशीन असिस्टंटच्या हवाली करून ते बाल्कनीच्या मागच्या दाराशी येत आणि पाठमोरे उभे राहून नुसतं थेटर ऐकत. खुर्च्या कुठे करकरतात, खोकला कुठे सुटतो, शेंगदाण्याच्या पुड्यांचा आवाज कुठे थांबतो. "लोक तोंडानं खोटं बोलतील, खुर्ची नाय बोलत," म्हणायचे. मग केबिनच्या भिंतीवर खडूनं निकाल लिहायचे, पास किंवा नापास. दिवाळीत हाउसफुल्ल चाललेले कितीतरी पिक्चर त्या भिंतीवर नापास झालेले मी पाहिलेत.

मी त्याच थेटरात लेडीज खिडकीवर तिकिटं विकायचे. नाशिकच्या जुन्या गावातलं एकपडदा थेटर, नव्वदीतली गोष्ट. तिकिटं फाडणाऱ्या बाईला पिक्चरमधलं काय कळणार, असं तिथल्या सगळ्यांचं मत होतं. माझंही होतं. मामांचं नव्हतं. ते मूळचे नांदगावचे. उभं तारुण्य तंबू टॉकीजबरोबर गावोगावच्या जत्रांत गेलेलं. तिथं पोचणारी प्रिंट झिजलेली, फाटलेली, दहा ठिकाणी जोडलेली असायची, त्यामुळे फिल्म हातात घेऊन, उजेडापुढे धरून वाचायची सवय त्यांना लागली होती. पहिल्या खेळाआधी सकाळी रिकाम्या थेटरात ट्रायल असायची. तिला ते मला आवर्जून बोलवायचे. "गोष्ट कुणालाबी कळती, पोरी. जोड कुठं मारलाय ते बघ. आन् तिथंच का मारलाय ते इचार." कॉलेजात तीन वर्षं बसून मला जेवढं शिकता आलं नाही तेवढं मी त्या ट्रायलींत शिकले. फुशारकी म्हणून नाही सांगत. पुढे ते शिक्षण मी कुठे वापरलं ते कळेलच.

मामांचा एकच हट्ट होता. पिक्चरचं एकही रीळ कमी करायचं नाही. तेव्हा सगळीकडे हे सर्रास करायचे. खेळ लांबला की एखादं गाणं उडव, एखादं रीळ डब्यातच ठेव. प्रत्येक पिक्चरच्या आधी पडद्यावर सेन्सॉरचं सर्टिफिकेट येतं आणि त्यावर रिळांचा आकडा असतो. तो सगळ्या थेटरात मामाच तेवढे वाचत असावेत. "सरकारी कागदावर दहा लिहिलंय तर दहा दाखवा," ते म्हणायचे. "नाय तर तो कागद तरी दाखवू नका. लोकांच्या तोंडावर खोटं कशाला?"

अशातच मॅटिनीला एक फिलिपिन्सचा भुताचा पिक्चर आला. हिंदीत डब केलेला, दहा रिळांचा. आमच्या पेंटरनं पिक्चर न बघताच पोस्टरवर लाल डोळ्यांची कवटी काढली होती. ट्रायलला मी हसायच्या तयारीनंच बसले. गोष्ट साधी होती. परदेशात लोकांच्या घरी भांडी घासून एक बाई बऱ्याच वर्षांनी आपल्या बेटावरच्या घरी परत येते. तिची मुलगी तिला आई म्हणत नाही. घरात दुसरीच कुणीतरी आहे, जी फक्त त्या मुलीला दिसते, आणि मुलगी तिला आई म्हणते.

सातव्या रिळात ते भूत दिसलं आणि मामा करवादले, "पडला! इथं पिक्चर पडला! कानामागं विग चिकटवलाय तो दिसतोय. चेहऱ्याला फासलेली पावडर मानेपर्यंतसुद्धा नाय आणली." डबिंगला तर त्यांनी शिव्याच घातल्या. सगळी माणसं दंतमंजनाची जाहिरात केल्यासारखी बोलत होती. शेवट त्यांना घाईचा वाटला, पाऊस खोटा वाटला, कारण अंगणात पडत होता आणि मागच्या डोंगरावर लख्ख ऊन होतं. मी म्हटलं, "म्हणजे नापास?"

"थांब," म्हणाले आणि चौथं रीळ त्यांनी पुन्हा लावलं.

चौथ्या रिळात काहीच घडत नाही. आई मोरीत कपडे धुते. आतल्या खोलीतून मुलीची कुजबुज येते. आई पीळ घालते, थांबते, पुन्हा धुवायला लागते. मग मुलगी तीन ताटं मांडते आणि तिसऱ्या ताटापुढे कुणीही बसत नाही. बस्स. "ऐक," मामा म्हणाले. "हितं कुणी बोलत नाय, म्हणून डबिंगवाल्यांनी हात नाय लावला. त्यांचाच मूळ आवाज राहिलाय. तिथलं पाणी, तिथला कोंबडा. भीती भुतात नाय, पोरी. ती बाई कपडे धुवायची थांबती ना, तिथं हाय." माझ्या अंगावर काटा आला. मामांनी भिंतीवर 'पास' लिहिलं.

शुक्रवारच्या खेळाला चौथ्या रिळात थेटर चिडीचूप झालं, ते सातव्यात भूत आलं तरी कुणी हसलं नाही. मामा दाराशी पाठमोरे उभे होते आणि मुलगा बोर्डात आल्यावर एखाद्या बापाचा दिसावा तसा त्यांचा चेहरा होता. मला तो चेहरा आठवला की अजून स्वतःची लाज वाटते.

शनिवारी मॅनेजरनं मला बोलावलं. तीनच्या खेळाचा हिंदी पिक्चर लांबलचक होता, तो उशिरा लावून चालणार नव्हतं आणि मॅटिनीची माणसं वेळेत बाहेर पडत नव्हती. एक रीळ कमी करा म्हटल्यावर मामांनी साफ नकार दिला होता. मॅनेजरनं स्वतः पिक्चर पाहिला नव्हता. "तू ट्रायल बघतेस ना? कुठलं रीळ काढलं तर लोकांना कळणार नाही?" त्याच्या टेबलावर मला नोकरीत कायम करण्याचा अर्ज तीन महिने पडून होता. पण सगळा दोष त्या अर्जावर ढकलणं हाही खोटेपणाच होईल. मला कुणीतरी विचारत होतं. लेडीज खिडकीवरच्या बाईचं मत घेत होतं. मी क्षणभर विचार केला, मामा करायचे तसा, आणि म्हटलं, "चौथं."

रविवारी मामा चहाला गेले असताना असिस्टंटनं तो डबा उचलून मॅनेजरच्या कपाटात ठेवला. खेळ सुरू झाला आणि तिसरं रीळ चालू असताना मामांच्या लक्षात आलं. चालू खेळ थांबवायचा नाही, हा त्यांचा जुना नियम होता. त्यांनी तिसऱ्यामागोमाग पाचवं चढवलं. कुणाला काही कळलं नाही. पुढे सातव्या रिळात भूत आलं तेव्हा बाल्कनी खो खो हसली. खालून कुणीतरी ओरडलं, "ए, पावडर कोणती लावती गं?" आणि सगळं थेटर हसलं. मामा दाराशी पाठमोरे उभे होते. मी जिन्यात होते.

खेळ सुटल्यावर ते मॅनेजरच्या खोलीत गेले. आवाज चढवला नाही. "कुणी सांगितलं चौथं? तुम्हाला नाय ते समजत."

"तुमच्या शिष्येनंच," मॅनेजर म्हणाला. त्याला मजा वाटत होती.

मी तिथंच तिकिटांच्या हिशेबाची फाइल घेऊन उभी होते. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी फाइलीची गाठ सोडून पुन्हा बांधली. मामांनी केबिनच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, आणि तीनचा खेळ असिस्टंटनं लावला.

मी कायम झाले. चार वर्षांनी थेटरच बंद पडलं, त्यामुळे ते कायमपण तेवढंच टिकलं. केबिन पाडली तेव्हा ती खडूनं लिहिलेली भिंतही गेली. थेटराच्या आठवणींचा एक समारंभही झाला. त्यात मॅनेजरला शाल-श्रीफळ मिळालं आणि मामांचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही. पहिल्या रांगेत बसून मी टाळ्या वाजवल्या.

दोन हजार चारच्या द्राक्षांच्या हंगामात कळलं की मामा पिंपळगाव बसवंतला एका पॅकहाउसमध्ये कामाला आहेत. मी गेले. ट्यूबलाइटखाली लांब टेबलं, बायकांची रांग, आणि टोकाला मामा. घड उजेडापुढे धरून लहान कात्रीनं खराब मणी काढत होते. खूप बारीक झाले होते. मी तोंडपाठ करून नेलेलं सगळं बोलून टाकलं. चुकले म्हटलं, घाबरले होते म्हटलं, माफ करा म्हटलं. रडलेही.

त्यांनी घड खाली ठेवला. "चुकली नाय तू," म्हणाले. "दुसरं कुठलंबी काढलं असतं तर लोकांनी आरडाओरडा केला असता. पैसे परत मागितले असते. कळू न देता काढायचं तर चौथंच. बरोबर सांगितलंस." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. राग असता तर मी आनंदानं घेतला असता.

"सबंध नाशकात ते फक्त दोघांना माहीत होतं," ते म्हणाले. "एक मी."

आणि त्यांनी पुढचा घड उचलला.