आनंदाबाईच्या हातची राख

सिहोऱ्याच्या अलीकडच्या त्या गावात चाळिशीच्या पुढचा कुणीही घ्या, त्याला जन्मल्यावर पहिली चापट मारली ती आनंदाबाई सुईणीनं. ब्याऐंशी वर्षांची झाली, तरी बाई ते सांगायला विसरत नाही. सरपंच भैय्यालाल समोरून आला की म्हणते, "लय रुबाब नको दाखवू, उलटा टांगला होता तुले मी." सरपंच मुकाट्यानं पाया पडतो.

त्या दिवसांची तिला फार ओढ आहे. भाताच्या रोवण्याच्या चिखलातून बैलबंडी न्यायला यायची. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवरून कुणीतरी तिच्या नावानं हाका मारत यायचं. बारशाला मानाचं लुगडं तिचं, पहिलं पानही तिचंच. आता बाळंतपणं तुमसरला दवाखान्यात होतात आणि गावात येतो तो पेढ्यांचा डबा. हे बरंच झालं, असं ती म्हणते. पण म्हणताना तोंड जरा वाकडं होतंच.

आठवणी सगळ्याच गोड नव्हत्या. तेव्हा नाळ विळ्यानं कापायची आणि बेंबीवर चुलीतली राख दाबायची, हीच रीत. शेजारच्या शकुनबाईचा पहिला मुलगा सातव्या दिवशी दूध ओढेनासा झाला, अंग लाकडासारखं ताठलं, आणि गेला. बाहेरचं काही लागलं, म्हणून गाव मोकळं झालं. काही वर्षांनी सुलोचनाबाई नर्स आली. तिनं सुइणींना समोर बसवून सांगितलं, हा धनुर्वात. घाणेरड्या विळ्यातून, राखेतून, शेणातून लेकराच्या अंगात शिरतो. साबणानं हात धुवा, नवं ब्लेड घ्या, दोरा उकळा, बेंबीला काही लावू नका, आणि आईला दिवस असतानाच इंजेक्शन द्या. आनंदाबाई घरी आली आणि दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवसापासून एकेका गरोदर बाईला दंडाला धरून इंजेक्शनला न्यायला लागली, पळणारीला शिव्या घालत. त्यानंतर तिच्या हातचं एकही लेकरू धनुर्वातानं गेलं नाही. शकुनबाईला मात्र ती कधी काही बोलली नाही. जिवाभावाची मैत्रीण तुटेल, ही भीती.

परवा शकुनबाईची नातसून दामिनी बाळ घेऊन दवाखान्यातून आली. दुसऱ्याच सकाळी शकुनबाई वाटीत राख घेऊन आनंदाबाईच्या दारात.

"नाळ ओली दिसून राहिली. डॉक्टर म्हणते काही लावू नका, अन् दामिनी माहं ऐकत नाही. तुह्या हाताले गुण आहे. लाव थोडीशी."

"राख नाही लावाची. नर्सले दाखवू."

"काहून? तूच त लावत होती."

डॉक्टरचं नाव पुढे करून सुटावं, असं आनंदाबाईला क्षणभर वाटलं. पण शकुनबाई हट्टाची. इथून गेली की दामिनीची नजर चुकवून स्वतःच लावणार.

"लावत होती, म्हणूनच नको म्हणते," ती म्हणाली. "तुहा पहिला पोरगा बाहेरच्यानं नाही गेला, शकुन. माह्या हातानं गेला. त्या राखेनं गेला. चाळीस वर्षांपासून मले माहीत आहे."

शकुनबाई उंबऱ्यावरच बसली. वाटीतली राख तिनं बोटानं चाचपली. आता ही उठून जाईल आणि पुन्हा या दारात येणार नाही, असं आनंदाबाईनं मनाशी धरलं.

"त्याच्या वेळी आठवा महिना लागला तवाच मी चुलीत पळसाची लाकडं जाळली होती," शकुनबाई म्हणाली. "राख लुगड्याच्या पदरातून गाळून, मऊ मऊ करून ठेवली होती, त्याले टोचू नाही म्हणून. तू त फक्त लावली, बाई."