मामाची दोन दांड्यांची गाडी

माझा मामा चष्मे बनवतो. बाजारात जिन्याखाली त्याचं दुकान आहे. ते एवढंसं आहे, की गिऱ्हाईक आत आलं की मामाला बाहेर यावं लागतं, असं मामी सांगते. पण मामाचा जीव दुकानात कधी रमलाच नाही. डोंगरावरच्या वस्त्यांवर, जिथे डांबरी रस्ता निम्म्यातच हात टेकतो, तिथे तो पाठीवर काचांची पेटी बांधून जायचा आणि कुणाच्यातरी अंगणात बसून लोकांचे डोळे तपासायचा. वरच्या लोकांना खाली यायचं म्हणजे दिवस मोडावा लागतो, आणि डोळ्यांसाठी दिवस मोडतो कोण? म्हणून मामाच चढायचा.

पुढे त्याच्या पाठीने संप पुकारला. डॉक्टरांनी ओझं उचलायला साफ मनाई केली. मग मामा घरात बसून सगळ्यांचं डोकं खाऊ लागला. चहात साखर कमी, पंख्याला आवाज जास्त, उशी कुणी बदलली. शेवटी मामीनेच हात जोडले.

"अहो, डोंगर चढणारी एखादी गाडी घ्या. नाहीतर मीच डोंगरावर राहायला जाते."

नवी गाडी झेपणारी नव्हती. तेव्हा जुनी, लहानखुरी, पण चारही चाकांनी ओढणारी गाडी शोधायची ठरली. मामाच्या गॅरेजवाल्या दोस्ताने एकच गोष्ट बजावली. "रंग बघू नकोस, पोट बघ."

पहिली गाडी लालचुटूक होती, आरशासारखी चकचकीत. मालक तिचं तोंड भरून कौतुक करत होता. मामा पुठ्ठा अंथरून खाली शिरला आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, ठोकत निघाला. टक, टक, टक... आणि मग आवाजच नाही. चहात बुडवलेल्या बिस्किटात शिरावा तसा स्क्रूड्रायव्हर गंजात शिरला होता.

"बडा घर, पोकळ वासा," मामा अंग झटकत म्हणाला. मालकाला एकदम फोन आला.

दुसरी गाडी गावाच्या टोकाला एका बाईंकडे होती. त्या जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेल्या. गाडीचा हिरवा रंग विटलेला, एका दाराला पोचा, सीट जाड दोऱ्याने शिवलेली. मामी कुजबुजली, "हिच्यापेक्षा माझी कणकेची परात बरी." मामा मात्र खालून बाहेर आला तो हसत. पोट ठणठणीत होतं.

"कशाला हवी?" बाईंनी विचारलं. "काल दोन पोरं आली होती. वर दिव्यांची रांग लावून बाजारात मिरवायची म्हणे. मी त्यांना सायकल घ्या म्हटलं."

मामाने सांगितलं. सांगता सांगता त्याची नजर बाईंच्या चष्म्याकडे गेली. काडी वाकडी झाली होती, एक भिंग खाली झुकलं होतं. "द्या जरा," म्हणून त्याने तो काढून घेतला, बोटांनी काडी सरळ केली, खिशातल्या बारीक पेचकसाने स्क्रू आवळला आणि परत दिला. बाईंनी तो लावून आधी मामाकडे आणि मग गाडीकडे पाहिलं.

"अगंबाई, एवढी मळलीय ही?" त्या म्हणाल्या. "चला, बसा. चालवून बघा."

घरामागे कोरड्या ओढ्याचं पात्र होतं, सगळे गोटे. मामाने गाडी घातली. मधल्या चढावर मागची चाकं जागच्या जागी गरगरली आणि गाडी हट्टी पोरासारखी बसली.

"मी आपली उतरून चालत येते," मागून मामी म्हणाली.

"कुणी उतरायचं नाही," बाई म्हणाल्या. "गिअरच्या दांड्याशेजारचा तो दुसरा दांडा शोभेला नाही ठेवलेला, त्याने चारही चाकं ओढायला लागतात. थांबा, क्लच दाबा, आणि ओढा मागे. आता पहिला गिअर टाका आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा. तिचं तिला करू द्या."

मामाने पाय काढला. चारही चाकांनी दगड धरले आणि गाडी मुंगीच्या पावलांनी, कुरकुर न करता, वर चढली. माथ्यावर पोचल्यावर मामी टाळ्या वाजवत होती. मामा नुसता स्टिअरिंगवरून हात फिरवत राहिला.

सौदा तिथेच ठरला. बाईंची अट एकच, पहिल्या फेरीला त्या बरोबर येणार. "नवा माणूस आहे," त्या म्हणाल्या, "गाडी घाबरेल."

त्या फेरीत चिखलात रुतणं झालं, चाकाखाली फांद्या घालणं झालं, मामीची नवी चप्पल चिखलाने गिळली. पण दुपारच्या आधी पेटी वरच्या वस्तीत पोचली. एका म्हाताऱ्याला मामाने चष्मा बसवला. म्हाताऱ्याने डोळ्यांची उघडझाप केली आणि शेजारी बसलेल्या बायकोकडे निरखून पाहिलं.

"काय गं, एवढी म्हातारी कधी झालीस?"

"तुमची वाट बघता बघता," म्हातारी म्हणाली. "आता दिसतंय ना? मग उठा, त्या छपराकडेही बघा जरा."

सगळं अंगण हसलं. मामा तर पेटीवर डोकं टेकवून हसत होता. बाई गाडीच्या बॉनेटवर बसून वस्तीतल्या बायकांना दुसऱ्या दांड्याचा उपयोग समजावत होत्या, आणि मामी अनवाणीच पुढच्या माणसाला बोलवत होती, "या हो, पुढचं कोण?"