कोऱ्या जागा आधी वाचणाऱ्या जगदाळे बाई

जगदाळे बाईंची आणि माझी ओळख झाली ती उत्तरपत्रिकांच्या एका गठ्ठ्यावर. उंब्रजपासून चार मैलांवरच्या आमच्या शाळेत मी चौथीला शिकवत होतो. बाई साताऱ्याहून बदलून आल्या आणि त्यांना पाचवी मिळाली. माझ्या वर्गातली मुलं जूनपासून त्यांच्याकडे जाणार, म्हणून वार्षिक परीक्षेचा गठ्ठा मी जरा ऐटीतच त्यांच्यापुढं ठेवला. पहिल्या आलेल्या मुलाचा पेपर सगळ्यांत वर ठेवला होता. बाईंनी तो उचलून बाजूला ठेवला आणि विचारलं, "गुरुजी, सगळ्यांत जास्त कोरं कुणी सोडलंय?"

मला तो अपमान वाटला. मी तेव्हा तरुण होतो, वर्गात कविता चालीवर म्हणायचो, आणि आपल्या वर्गात कोरं सोडणारं कुणी असेल हे मला ठाऊकच नव्हतं. बाईंनी गठ्ठा चाळला, तीन पेपर वेगळे काढले आणि त्यांतल्या रिकाम्या ओळींवर बोट ठेवून त्या वाचत बसल्या. हो, वाचतच होत्या. दुसरा शब्द मला सापडत नाही.

त्यांची पद्धत ती आणि तेवढीच. वर्षअखेरीच्या परीक्षेची तयारी म्हणजे इतर शाळांतून घोकंपट्टी चालायची. बाईंच्या वर्गात मात्र नियम असा, की येत नसेल तर जागा सोडायची, अंदाजानं भरायची नाही, शेजाऱ्याचं बघून तर नाहीच नाही. मग बाई त्या मुलाजवळ जमिनीवर मांडी घालून बसत आणि विचारत, "इथं काय झालं?" एका मुलीनं फळ्यावर लिहिलेले प्रश्न तेवढे सोडले होते, छापील प्रश्न सगळे सोडवले होते. बाप म्हणाला, पोरगी आळशी हाय. बाई तिला एसटीनं कराडला घेऊन गेल्या आणि येताना तिच्या नाकावर चष्मा होता. ती मुलगी आज नर्स आहे. बाईंच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी तिनंही लिहावं असं मी सुचवलं होतं, पण ती म्हणाली, गुरुजी, मला लिहायला बसलं की रडू येतं.

गावाला मात्र हे पटायला वेळ लागला. शाळा समितीवर आमचे एक निवृत्त सुभेदार होते. त्यांनी भर सभेत बाईंना विचारलं, "आवं बाई, पोरांस्नी कोरं सोडाया शिकवताय व्हय? फौजंत असं केलं तर घरला धाडत्यात."

बाई म्हणाल्या, "सुभेदार, पुढं सुरुंग आहे की नाही ठाऊक नसेल, तर तुम्ही पाय टाकत होता का?"

"न्हाई. तितं झेंडी लावायची."

"मग ही पोरांची झेंडी समजा."

सुभेदार मिशीतल्या मिशीत हसले आणि खाली बसता बसता म्हणाले, "लय झेंड्या लागतील बाई ह्या गावात."

ते दिवस आठवले की मला वर्गाचा वास येतो. पेन्सिलच्या सालींचा, ओल्या पाटीचा, चिंचेचा. खिडकीतून ऊस दिसायचा आणि चाळीस गळे एका चालीत कविता म्हणायचे. आज त्या शाळेत सगळे मिळून अकरा विद्यार्थी आहेत. बाकीची मुलं पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेला जातात. वरून छापील चाचण्या येतात, गुण मोबाइलवर भरायचे असतात, आणि शिक्षकाला कोऱ्या जागेची भीती वाटते, कारण ती वरच्या साहेबांना दिसते. मग ती कशीतरी भरली जाते. मुलं पुढं जातात आणि वाचता येत नाही ते येतच नाही. संपादक मंडळींनी मला सांगितलं आहे, की अमृतमहोत्सवाचा ग्रंथ आहे, जरा प्रसन्न लिहा. मला ते जमेल असं वाटत नाही. जे घडलं ते लिहितो.

निवृत्तीनंतर बाई गावातच राहिल्या. पाचवीच्या वार्षिक परीक्षेत आता पुन्हा नापास करतात. नापास झालं की जूनमध्ये फेरपरीक्षा असते आणि तिच्यातही नापास झालं की त्याच वर्गात बसायचं. बाई अशा मुलांना मे महिन्यात आपल्या ओसरीवर शिकवतात. गेल्या मे महिन्यात त्यांच्याकडे एकच मुलगी होती, भागी. माण तालुक्यातल्या मेंढपाळाची. आईबाप कळपामागं फिरायचे आणि ही शाळेसाठी गावात आत्याकडं राहिलेली. भाषा आणि गणित दोन्हींत गेली होती. कळप पावसाच्या तोंडावर कोकणातून वर चढतो आणि आमच्या गावावरून माणकडे जातो. भिवा, तिचा बाप, फोनवर बाईंना स्पष्ट म्हणाला होता, "बाई, जूनला पास झाली तर ऱ्हाऊ द्या, शिकंल. न्हाई झाली तर मी येतानाच घिऊन जातो. बारकं पोरगं हाय, त्याला बघाया कुणीतरी पायजेच की."

म्हणजे भागीची शाळा त्या एका फेरपरीक्षेवर होती.

त्यातच बाईंच्या डोळ्याचा पडदा सरकला. सांगलीला भाचीकडं राहून ऑपरेशन करायचं, तीन आठवडे पालथं पडून राहायचं. जाताना त्यांनी भागीला माझ्याकडं सोपवलं. रोज नवा उतारा द्यायचा, तिच्या तिला वाचू द्यायचा, आपण मोठ्यानं वाचायचा नाही. जे सोडेल ते सोडू द्यायचं. मोठ्या अक्षरांतले अठरा उतारे त्यांनी एका डोळ्यानं लिहून ठेवले होते.

पहिले दोन दिवस मी पाळलं. भागी उताऱ्याकडं बघत बसायची आणि मी भागीकडं. ती शांतता मला सोसवेना. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, एकदाच म्हणून दाखवतो, नाद कळला की अर्थ कळतो. चाळीस वर्षं मी हेच मानत आलो आहे. मी उतारा वाचला, त्यावर बोललो, मध्येच एक जुनी कविता म्हटली. मग भागीनं वाचला. बोट ओळीखालून सरकत होतं, आवाज लख्ख, स्वल्पविरामाला थांबत होती. मला भरून आलं. खालचे प्रश्नही मीच वाचून दाखवले आणि तिनं उत्तरं लिहिली, एकही जागा न सोडता. अक्षर वेडंवाकडं होतं, पण मी म्हटलं अक्षराचं काय, येईल.

असे पंधरा उतारे झाले. एकदा तिची आत्या ताक घेऊन आली, दारात उभी राहून ऐकत राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, हिला तुमचं समदं तोंडपाठ झालंय बगा. कागद उलटा धरला तरी वाचती."

मी हसलो. शाबासकी समजलो ती.

संध्याकाळी सांगलीला फोन करून मी बाईंना सांगितलं, "भागी वाचायला लागली." बाईंनी विचारलं, "कोरं किती सोडतेय?" मी अभिमानानं सांगितलं, "काहीच नाही." बाई म्हणाल्या, "काहीच नाही?" आणि मग भाचीनं फोन घेतला, मावशीला बोलायला लावू नका म्हणाली. त्या दोन शब्दांचा मी विचार करायला हवा होता. त्याऐवजी मी भिवाला फोन लावला आणि त्यालाही तेच सांगितलं.

बाई परत आल्या तेव्हा फेरपरीक्षेला दोन दिवस होते. डोळ्यावर हिरवी पट्टी होती. त्यांनी भागीला जवळ बसवून घरातलं जुनं वर्तमानपत्र पुढं केलं, एका बातमीवर बोट ठेवलं आणि वाच म्हणाल्या. भागी माझ्याकडं बघू लागली. मी सुरुवात करून देईन म्हणून.

ते तोंड मी विसरू शकत नाही.

दोन दिवसांत होण्यासारखं ते नव्हतं. बाईंनी तरीही ते दोन्ही दिवस तिच्यासोबत काढले, अक्षर अक्षर. निकाल लागला तेव्हा कळप गावाच्या कडेला उतरला होता. भागी गणितात निघाली, भाषेत गेली. भिवा बाईंच्या ओसरीवर आला, पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. बाईंनी आणखी एक वर्ष मागितलं. तो म्हणाला, "दोनदा बसवली की बाई." मग माझ्याकडं वळला. चिडला नव्हता, विचारत होता. "गुरुजी, तुमी म्हणला हुता वाचती म्हणून. बाई कवा असं म्हणल्या न्हवत्या."

मी त्यांच्यामागं कळपापर्यंत गेलो. घोड्यावर भांडी, कोकरं आणि भागीचा धाकटा भाऊ बसला होता. भागी पायी निघाली. बाईंनी तिची वही तिच्या हातात दिली आणि ओढणी सारखी केली.

मी बाईंपुढं सगळं कबूल केलं. उतारे मोठ्यानं वाचल्याचं, चालीचं, आत्याच्या बोलण्याचं. मला वाटलं रागावतील. त्यांनी विचारलं, "पंधराच्या पंधरा पाठ होते तिला?" मी हो म्हणालो. "एकदा ऐकून?" हो. बाई म्हणाल्या, "एवढी स्मरणशक्ती आहे पोरीची. मी तिथून सुरुवात केली असती." बास. यापलीकडं त्यांनी आजवर मला शब्दानं दुखवलेलं नाही. दुखवलं असतं तर बरं झालं असतं, असं पुष्कळदा वाटतं.

भिवाचा फोन आता लागत नाही. दिवाळीनंतर त्यांचा कळप खाली उतरला, तो आमच्या गावावरून नाही, दुसऱ्या वाटेनं गेला म्हणे. बाईंच्या त्या डोळ्याला आता फक्त उजेड कळतो. तरी दर सोमवारी त्या दुसरा डोळा कागदाजवळ नेऊन भागीसाठी एक नवा उतारा लिहितात. मेंढरांचा, घाटातल्या धुक्याचा, विट्याच्या बाजाराचा. मी कागदाला पट्टीनं रेघा आखून देतो. उतारे द्यायचे कुणाला हे मी विचारत नाही आणि त्याही सांगत नाहीत.

या ग्रंथाच्या वाचकांनी बाईंना आरोग्य आणि आयुष्य चिंतावं, तशी रीत आहे. माझं मागणं नेमकं आहे. भागी आता अकरा वर्षांची आहे. ती ओसरीवर परत येईल असं मला वाटत नाही, खरं सांगायचं तर अजिबातच वाटत नाही. बाईंना वाटतं. तेव्हा त्यांचा एक डोळा तरी शाबूत राहो, मांडी घालून जमिनीवर बसता येण्याइतके गुडघे राहोत, आणि ती यायला जितकी वर्षं लावील तितकी वर्षं त्यांना मिळोत. माझ्या वाट्याची उरली असतील तर तीही त्यांना द्यावीत. आधीची मी कशी वापरली, ते वर लिहिलंच आहे.